बागेच्या विहिरीतलं मडकं

रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

काय झालं ते आधी क्रमाने.

१. केडगावला येणारा टँकर यापुढे आठवड्यातून एकदाच येणार.
२. सोसायटीच्या मागे पूर्वीच्या संत्र्याच्या बागेतली विहीर आहे. ती कचऱ्याने भरली होती. आज सगळ्या घरांनी मिळून ती उपसली.
३. तळाशी कातळात झरा निघाला. बारीक आहे, पण चालू आहे.
४. घरांचं सांडपाणी जमिनीत मुरावं म्हणून दिवाळीनंतर प्रत्येक घरामागे शोषखड्डा खणला आहे. आराखडा माझा. विहिरीपासूनची अंतरं मीच टेप लावून दिली होती.
५. विहिरीचं पाणी शुद्ध ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं.

पाचवं असं झालं. आप्पासाहेब आमचे चेअरमन, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. गाळ काढून सगळे कट्ट्यावर बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "भिंगारदिवे बाई सरकारी प्रयोगशाळेत दिवसभर पाणीच तपासतात. घरचा वैद्य असताना नगरला कशाला जायचं?" सगळे हसले. मीही मान हलवली आणि पाणी शुद्ध ठेवायला विहिरीत औषधाचं मडकं सोडावं लागेल, हे सांगितलं.

मुक्ताबाई मावशी तिथेच होत्या. ही बाग त्यांच्या सासऱ्याची. प्लॉट विकून झाले, पण टोकाचं जुनं घर आणि एक गाय त्यांनी ठेवली आहे. दुष्काळात गुरांसाठी उघडलेल्या छावणीत गाय द्यायला त्या तयार नाहीत. त्यांनी विचारलं, "आन् ते मडकं इहिरीत सोडनार कोन?"

"मीच."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाणी शेंदत असलेल्या बायकांकडे. म्हणाल्या, "बरं."

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी मडकं सोडलं. आत ब्लीचिंग पावडर आणि जाड वाळू, बुडाला भोकं, तोंड बांधलेलं. मडकं पाण्याखाली टांगलं की क्लोरीन हळूहळू बाहेर येत राहतो. सोसायटीतला सहादेव एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे, त्याने दोरासाठी कप्पी बसवून दिली.

बुधवार, ७ फेब्रुवारी

विहिरीवर कोणी पाणी भरत नाही. बायका अजून नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जातात. झिऱ्यात गुरंही तोंड घालतात. क्लोरीनचा वास आवडत नसेल असं वाटून मी संध्याकाळी एक सूचना लिहून कट्ट्याजवळच्या बाभळीला लावली: जंतू म्हणजे काय, वास का येतो, तो किती वेळात जातो.

बाबांनी सूचना वाचली. मिशनच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे ते आधी शुद्धलेखन बघतात. म्हणाले, "चांगली आहे." जेवताना म्हणाले, "मडकं सहादेवला सोडू दे ना."

मी म्हटलं, त्याला पावडरची मात्रा कळणार नाही.

"तू मात्रा दे. सोडू दे त्याला."

एका कामाला दोन माणसं कशाला? बाबा रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी कुस्करत बसले.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज सगळ्या बायका विहिरीवर आल्या. रांग लागली. मावशींनी पहिली घागर भरली आणि सगळ्यांसमोर ओंजळीने पाणी प्यायलं. नंतर आप्पासाहेबांच्या शेजारच्या लंकाबाईंनी घागर लावली. त्यांचं सोवळं कडक आहे, त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. सूचनेचा उपयोग झाला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

चाचणी चुकते आहे. नमुन्यात चाचणीचे थेंब टाकले की पाणी लगेच पिवळं व्हायला हवं. लगेच पिवळं झालं तर क्लोरीन मोकळा आहे, म्हणजे जंतू मारायला तयार आहे. आपल्या पाण्याला लगेच रंग येत नाही. नळी तशीच ठेवली तर मागाहून फिकट पिवळा चढतो. याचा अर्थ क्लोरीन कशाला तरी बांधला गेला आहे. पुस्तकाप्रमाणे ते बहुधा अमोनिया असतं, आणि अमोनिया बहुधा मूत्रातून किंवा मैल्यातून येतं.

पावडर जुनी असेल म्हणून नवी भरली. दोन दिवस पाहीन.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

तेच. पावडर चांगली आहे, प्रयोगशाळेत तपासली. मडक्यात दोष नाही. पाण्यात काहीतरी येतं आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

आप्पासाहेबांना सांगायला गेले. मी म्हटलं, कुठूनतरी सांडपाणी झिरपत असावं, अशी शंका आहे. त्यांनी विचारलं, विहिरीला सर्वांत जवळचा खड्डा कोणाचा?

"छबूबाईंचा. पण अंतर नियमाप्रमाणे आहे. खात्री नाही."

"त्यांच्याकडे शेळ्या आहेत ना?"

"एक आहे."

"मग झालं की."

मी पुन्हा म्हटलं की ही शंका आहे. त्यांनी मान हलवली. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस शंका आणि निकाल यांतला फरक जाणत असेल, असं मी धरून चालले.

मंगळवार, २० फेब्रुवारी

संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा छबूबाईंचा खड्डा बुजवून झाला होता. त्यांचा नवरा बन्सी माती दाबत होता, वर बघत नव्हता. खड्ड्याच्या ओलीवर त्यांनी पपईचं रोप वाढवलं होतं. ते उपटून बाजूला टाकलं होतं.

छबूबाई म्हणाल्या, "ताई, टेप लावून तुमीच जागा दावली हुती ना?"

"हो."

"मंग?"

मी सांगितलं की शंका होती, खात्री करायची होती.

"तुमची शंका, आन् आमचा खड्डा." शेळी सोडवत त्या म्हणाल्या, "आता न्हानीचं पानी डोक्यावरून वाहीन म्या. शेळीलाबी सांगते, बाई नगरला गेल्या की मगच मूत."

बन्सी हसला. मी हसले नाही. त्यात हसण्यासारखं होतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

खड्डा बुजवून पाच दिवस झाले. चाचणी तशीच. पाणी उतरत चालल्यामुळे रंग उलट जास्तच उशिरा येतो.

आप्पासाहेबांच्या ओसरीवर सभा झाली. लंकाबाई म्हणाल्या, "खड्डे खणा कोन म्हनलं? ही. बुजवा कोन म्हनलं? हीच. उद्या म्हनंल, घरं पाडा."

सहादेव म्हणाला, "म्हनल्यावर तुमचं पयलं पाडू, काकू. माळवद तसंबी गळतंय."

हशा झाला आणि सभा संपली. काही ठरलं नाही. हिवाळ्यात याच लोकांनी माझ्या आराखड्यावरून खड्ड्यांत विटांचे तुकडे भरले होते. तेव्हा सुटीच्या दिवशी कोणी घरी बसत नव्हतं. आता खड्ड्यांच्या जाळ्या कोणी साफ करत नाही. दोन घरांचं सांडपाणी रस्त्यावर येऊ लागलं आहे. मीही कोणाला सांगायला गेले नाही.

गुरुवार, १ मार्च

छबूबाईंच्या मुलीला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. सहादेवने टांगा आणला. नगरला दवाखान्यात सलाईन लावलं. दुपारी मी प्रयोगशाळेतून तिथे गेले. मुलगी झोपली होती. छबूबाईंनी मला स्टूल दिलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

घरी जे पाणी पितात तो हंडा कुठला, हे मी विचारलं.

"इहिरीचाच. तुमीच म्हनला हुता, झिऱ्याचं नको."

रविवार, ४ मार्च

मुलगी घरी आली. आणखी दोन घरांत जुलाब आहेत, सौम्य.

आप्पासाहेबांनी सांगितलं: अठरा तारखेच्या सभेत निर्णय. पाणी सुधारलं नाही तर सगळे खड्डे बुजवायचे आणि विहिरीला कुलूप. म्हणजे पुन्हा झिरा. मी म्हटलं, झिऱ्याचं पाणी यापेक्षा वाईट आहे. ते म्हणाले, "बाई, झिऱ्याची जबाबदारी कोणावर नाही."

हे वाक्य मला दिवसभर पुरलं.

मंगळवार, ६ मार्च

नमुना मी नेहमी सकाळी सगळ्यांचं भरून झाल्यावर घेते. आज उजाडताच गेले, झऱ्याजवळचं पाणी कोणी ढवळण्याआधी घ्यावं म्हणून.

मावशी खालच्या पायरीवर होत्या. हातात तांब्या. त्यांनी तो पाण्यात ओतला, मग बोटं बुडवून मडक्याच्या दोरावर शिंपडलं. कट्ट्यावर लंकाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्या मागे वळून निघून गेल्या.

वास ओळखीचा होता.

"मावशी, गोमूत्र आहे हे?"

"व्हय. रातीचं धरून ठिवते."

"रोज घालता?"

"रोज."

"कधीपासून?"

त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "बस. उभ्यानं इचारू नको, पोलिसावानी दिसती."

मी बसले. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "तू मडकं सोडलं ना, तवा लंकी म्हनली, भिंगारदिव्याच्या पोरीचा हात लागलेलं पानी देवाला कसं चालंल? तिनं घागर लावली न्हाई, मंग कुनीच लावली न्हाई. दोन दिस बघितलं म्या. मंग म्हनलं, म्या गोमूत्र घालते, समद्यांच्या आदी म्याच पिते, मंग तर प्याल? म्हनल्या, पिऊ."

मी त्यांना अमोनियाचं सांगितलं. गोमूत्राने क्लोरीन बांधला जातो आणि जंतू तसेच राहतात, हे सांगितलं. पाणी भरपूर असतं तर तांब्याभराने फार बिघडलं नसतं. आता विहिरीत गुडघाभरच पाणी आहे.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "म्हंजी छबीची पोर..."

"तसं नक्की सांगता येत नाही. एका हंड्यावरून ठरत नाही."

"नगं सांगू." त्यांनी तांब्या पालथा केला. "तुजं पानी लोकांनी प्यावं म्हून केलं गं."

मी म्हटलं, "माझं पाणी नव्हतं ते." आणि नमुना घेऊन वर आले. नमुना घेण्याची आता गरज नव्हती.

बुधवार, ७ मार्च

बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"गोमूत्राचं नाही. बाकीचं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "तू पुण्याहून शिकून आलीस तेव्हा मला वाटलं, हिला हे दिसतच नाही. बरं आहे, नाही दिसत ते. म्हणून म्हटलं, सहादेवला सोडू दे."

दिसत नव्हतं हे खरं नाही. मी त्याची नोंद घेत नव्हते. जेवून लवकर आडवी झाले.

गुरुवार, ८ मार्च

मावशी घरी आल्या. उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच. बाबांनी खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

"गोमूत्र बंद केलं तर उद्या एक बाई इहिरीवर यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हून म्या इचार केला. तांब्या रोज न्यायचा. पन आत साधं पानी. लंकी वास घ्यायला पायरी उतरनार हाय का? तिचं गुडघं कुठं वाकत्यात!"

बाबा हसले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोटं होईल," मी म्हटलं.

"व्हईना. पानी तर खरं व्हईल ना?"

मुलं आजारी आहेत. मी हो म्हटलं.

रविवार, ११ मार्च

आज थेंब टाकताक्षणी नमुना पिवळा झाला. मोकळा क्लोरीन हवा तेवढा आहे. सगळ्या बायका पाणी भरतात. कोणाला नव्याने जुलाब नाहीत. लंकाबाईंनी देवाच्या पूजेलाही हेच पाणी नेलं. मावशींनी वर बघून मला डोळा मारला. या वयाच्या बाईने डोळा मारलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी निकाल सांगायला आप्पासाहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून मांडीवर थाप मारली. "म्हणजे छबूबाईंचाच खड्डा! माती बसायला वेळ लागला, एवढंच. बाई, तुमची शंका खरी निघाली. आता उरलेलेही बुजवून टाकू, उगाच जोखीम नको. अठराला ठराव घेतो."

मी म्हटलं, कारण ते नाही.

"मग काय?"

तोंडाशी आलं होतं. ओसरीवर लंकाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, लेखी देते.

परत येताना छबूबाई दिसल्या. सांडपाण्याची बादली घेऊन मोरीपासून रस्त्यापलीकडच्या चरापर्यंत चालल्या होत्या. मुलगी त्यांच्या पदराला धरून होती, अजून पाय ओढत चालते. मी बादलीला हात लावला. त्यांनी दिली नाही. "ऱ्हाऊ द्या. सवय झाली."

सोमवार, १२ मार्च

बाबांचं म्हणणं: पाणी शुद्ध आहे, लोक पितात. लिहिलंस तर दोन्ही जाईल. विहिरीला कुलूप लागेल, किंवा मडकं तुझ्या हातून जाईल.

मी म्हटलं, न लिहिलं तर सगळे खड्डे जातील आणि छबूबाईंवरचा ठपका कायमचा राहील. ठपका माझ्या चाचणीने ठेवला आहे.

"आणि तुला काय वाटतं, ते?"

"त्याचा इथे प्रश्न नाही."

बाबा म्हणाले, "बरं." त्यांनी दिवा माझ्याकडे सरकवला.

मावशींना आधी विचारून आले. त्या गाईला पाला घालत होत्या. म्हणाल्या, "लिही. माजं नाव बी घाल. मला कोन काय करनार हाय? इहीर माज्या सासऱ्यानं खणली." मग गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "त्यातलं खोटं पानी बी लिहिनार?"

"हो."

"लंकी सात दिस उपास धरंल बघ." त्या हसल्या, पण लवकर थांबल्या. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. गाय आटली आहे का, असं मी विचारलं.

मंगळवार, १३ मार्च

पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात कारणं फार होती. दुसऱ्यात एक वाक्य रागाचं होतं, ते काढलं. आज सकाळी आप्पासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं नाही. नक्कल इथे ठेवते.

मा. चेअरमन साहेब,

विहिरीच्या पाण्यासंबंधी वस्तुस्थिती कळवते.

फेब्रुवारीतील चाचण्या बिघडण्याचे कारण छबूबाई यांचा शोषखड्डा नव्हता. मी केवळ शंका सांगितली होती, तीही चुकीची ठरली. विहिरीत रोज गोमूत्र घातले जात होते. शुक्रवारपासून त्याऐवजी साधे पाणी घातले जाते, म्हणून पाणी सुधारले आहे. खड्डा बुजवल्याने सुधारलेले नाही. गोमूत्र कोणी घातले, हे मी लिहिणार नाही. ज्याने घातले त्याने ते लोकांनी पाणी प्यावे म्हणून घातले. ते घालावे लागले, कारण मडके मी सोडते.

म्हणून विनंती:

छबूबाई यांच्यावर ठेवलेला दोष सभेत सर्वांसमोर मागे घ्यावा. त्यांचा खड्डा सोसायटीने पुन्हा खणून द्यावा. मी स्वतः कुदळ घेऊन येईन. इतर खड्डे बुजवू नयेत. त्यांनी काही बिघडलेले नाही.

मी सोडलेल्या मडक्याचे पाणी सभासदांना चालते की नाही, हे विचारून कळवावे. चालत नसेल तर मी मात्रा आणि पद्धत सहादेव यांना शिकवीन, म्हणजे विहीर बंद पडणार नाही. पण मग मडके माझ्याकडून का काढून घेतले, ते कारण सभेच्या इतिवृत्तात जसेच्या तसे लिहावे. प्रकृतीचे किंवा नोकरीचे कारण लिहू नये. माझी प्रकृती चांगली आहे.

आताची पावडर रविवारपर्यंत पुरेल. सोमवारी सकाळी नवे मडके सोडावे लागेल. ते कोणाच्या हातून सोडायचे, हे मला रविवार, १८ मार्च रोजी सायंकाळपर्यंत लेखी कळवावे.

आपली,
कृपा इसहाक भिंगारदिवे